एक गोल होऊ दे

हट्टा गावात क्रिकेटचा स्कोर शेळ्या राखणाराही सांगेल. पण आशिया कप नावाची फुटबॉलची स्पर्धा असते आणि तिच्यात कधीमधी आपलाही संघ असतो, हे गावात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक रामजी, वसमतच्या आगारातून रिटायर झालेला एसटीचा ड्रायव्हर. दुसरा त्याचा शाळेपासूनचा दोस्त उत्तमराव, हळदीचा शेतकरी. हे वेड पीटीच्या सरांनी लावलं. "पोरांनो, चौसष्ट साली आपण आशियात दुसरे आलो होतो," ते छाती फुगवून सांगायचे. तेव्हा स्पर्धेत चारच संघ होते, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दोघांचा जन्मभराचा ताप वाचला असता.

कारण पुढं नुसती वाट पाहणंच नशिबी आलं. चौऱ्याऐंशीला संघ पोचला आणि एकही गोल न करता परतला. मग थेट दोन हजार अकरा. तोवर उत्तमरावाच्या घरी टीव्हीला डिश आली होती. दोघांनी मांडीला मांडी लावून तिन्ही सामने पाहिले आणि तिन्ही हरलेले पाहिले.

रामजी बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा पाळणारा माणूस. त्यानं गाडीला कधी लिंबू-मिरची बांधू दिली नाही, अमावास्येची ड्युटी कधी टाळली नाही. पण वेडापुढं शहाणपण चालत नाही. एकोणीस साली तो गाडीवर होता, त्या संध्याकाळी आपण थायलंडला चार गोल मारले. पुढच्या सामन्याला रजा काढून बसला, तर हरले. म्हणून तिसऱ्याला तो मुद्दाम उत्तमरावाच्या ओट्यावरच थांबला. समोर बहारीन होता, आणि बरोबरी झाली तरी आपलं भागणार होतं. सामना संपत आला, एकही गोल नाही. रामजीला राहवेना. दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. खिशातली तिळगुळाची पुडी घेऊन तो आत शिरला, "घ्या, गोड बोला!" म्हणाला, आणि रेफ्रीनं बहारीनला पेनल्टी दिली.

"मीच पनवती," रामजी तोंड पाडून म्हणाला.

"येडा झालास का? पेनल्टी तू देलीस व्हय?" उत्तमराव खेकसला.

पण रामजीच्या मनानं घेतलं ते घेतलंच. त्या दिवसापासून भारताचा फुटबॉलचा सामना असला की तो ओट्यावर, खिडकीकडं पाठ करून बसायचा. उत्तमरावाला ते काट्यासारखं सलायचं. त्याच ओट्यापाशी एके काळी रामजीचा बाप वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यायचा. दहावीत असताना उत्तमरावानं रामजीचा हात धरून त्याला सरळ चुलीपर्यंत नेलं होतं, आणि त्यापायी आईचा अबोला सोसला होता. "लोकायला वाटंल मीच बाहेर बसवलं तुला," तो कळवळून म्हणायचा. रामजी हसून म्हणायचा, "एक गोल होऊ दे, मंग येतो."

चोवीसच्या जानेवारीत आशिया कप आला तेव्हा उत्तमरावाच्या पोटातला आजार हाताबाहेर गेला होता. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. त्याच्या बायकोनं, शकुबाईनं, खाट टीव्हीसमोर आणली. पहिले दोन सामने गेले, गोल नाही. रामजी तर त्या दोन्ही दिवशी गल्लीतसुद्धा फिरकला नव्हता. तरी त्यानं कारण शोधलंच. मोबाइलवर स्कोर पाहिला, तिथंच माती खाल्ली म्हणे!

तिसरा सामना सीरियाशी, ऐन संध्याकाळी. रामजीनं मोबाइल घरी ठेवला आणि ओटा गाठला. उत्तमरावाला जाण्याआधी एक गोल दिसावा, एवढंच त्याला हवं होतं. दुसरं काही देण्यासारखं त्याच्याजवळ नव्हतं.

"रामजी, आत ये ना रे," खिडकीतून आवाज आला.

"एक गोल होऊ दे."

थोड्या वेळानं पुन्हा, जरा बारीक आवाजात, "काहून बाहेर बसून राहिलास? ये, बस इथं."

"येतोच की. एक गोल होऊ दे."

मग आवाज आला नाही. सामन्यात गुंतला असेल, असं रामजीला वाटलं. त्याचं त्यालाच बरं वाटलं. अंगणात हळद वाळत पडली होती, तिच्यावरचं ऊन सरकत गेलं. आत टीव्हीवर एकदम गलका झाला. रामजीनं तरी मागं वळून पाहिलं नाही.

शकुबाई दारात आली. "भाऊ, आता आत या."

रामजी ताडकन उठला. तोंडभर हसला. "झाला गोल?"

शकुबाईनं पदर तोंडाला लावला, तेव्हा त्याला कळलं. गोल सीरियानं केला होता आणि उत्तमराव गेला होता. खाटेवर एका कडेला सरकून, शेजारी एका माणसापुरती जागा ठेवून तो निजला होता.

त्यानंतर रामजीनं फुटबॉलचं नाव टाकलं. पण पंचवीसच्या ऑक्टोबरात शकुबाईनं स्वतः निरोप धाडला. पुढच्या आशिया कपात जायचं तर सिंगापूरला हरवायला हवं, असं तिनं टीव्हीवर ऐकलं होतं. रामजी आला आणि सवयीनं ओट्यावर टेकला. खिडकीतून कुणी हाक मारीना. बराच वेळ वाट पाहून तो आपण होऊनच उठला, आत गेला आणि खाटेवर कडेला बसला.

थोड्याच वेळात गोल झाला. भारताचा.

शकुबाई टीव्हीकडं पाहत राहिली. मग रागानं नाही, नवलानं म्हणाली, "तुमी आत असले तरी बी गोल होतो की, भाऊ."

रामजी खाटेवरची ती रिकामी जागा हातानं चाचपत लेकरासारखा रडला. पुढं सिंगापूरनं दोन गोल मारले आणि आपला आशिया कप हुकला, ते त्याला दुसऱ्या दिवशी पेपरातून कळलं.