शेवटचा शिक्का

आमच्या शिकोकू बेटावरच्या अठ्ठ्याऐंशी देवळांची वाट माझ्या अंगणातून शेवटच्या चढाला लागते. चाळीस वर्षं झाली, चहा पाजल्याशिवाय मी एकाही यात्रेकरूला पुढे सोडलेलं नाही. त्यालाही नाही म्हणता येत नाही. यात्रेत कुणी प्रेमाने दिलेलं नाकारायचं नसतं, असा आमच्याकडचा नेम. त्या नेमाचा मला फार तोरा होता.

गेल्या मार्चात दुपारी मियावाकी तोकुजी वर आला. खालच्या गावातला नूडलवाला. जन्मभर पायांनी कणीक तुडवली, पण यात्रेसाठी पाऊल कधी उचललं नाही. बायको हिसाए मात्र दर वसंतात थोडी थोडी वाट चालायची. एक पांढरा अंगरखा घडी घालून जपून न्यायची, देवळादेवळात त्यावर लाल शिक्का घ्यायची. असा अंगरखा जिवंतपणी घालत नाहीत, सरणावर जाताना घालतात.

"अगं बाई! आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?" मी म्हटलं. "हिसाएने घराबाहेर काढलं वाटतं!"

"काढलंच म्हणा," तो हसला. घामाने निथळत होता.

"बसा. रताळी उकडतायत."

त्याने एकदा डोंगराकडे पाहिलं, काठी भिंतीला टेकवली आणि बसला. रताळी लवकर शिजेनात आणि माझं तोंड थांबेना. मग रीतीप्रमाणे त्याने चिठ्ठीवर नाव आणि मागणं लिहून माझ्या हातात दिलं. मी न वाचताच ती टोपलीत टाकली. अशा हजारो पडल्यात.

वरच्या शेवटच्या देवळातली शिक्क्याची खिडकी पाचला बंद होते. तो पाच मिनिटं उशिरा पोचला. रात्र तिथेच काढून सकाळी खिडकी उघडताच त्याने शिक्का घेतला. पण हिसाए पहाटेच गेली होती.

हे मला कळलं ते तिच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी उरकून तो परत आला तेव्हा. ती आजारी आहे हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

"एकच शिक्का राहिला होता," तो म्हणाला. "म्हणाली, पुरा झालेला अंगरखा एकदा डोळ्यांनी बघू दे. आणि चालत जा हं, गाडीतून आणलेला शिक्का मी अंगाला लावून घेणार नाही."

"मग बोलला का नाहीत हो? मी काय दोरीने बांधून ठेवलं होतं?" मी ओरडलेच. चूक माझी होती म्हणूनच ओरडले.

"तिने सत्त्याऐंशी देवळांपर्यंत कुणाचा घोटभर चहा नाकारला नाही. मी तिच्या नावाने निघालो आणि पहिल्याच दारात नाही म्हणू?"

"आणि अंगरखा?"

"घातला ना. शोभत होता तिला." मग म्हणाला, "चहा टाकताय ना?"

तो गेल्यावर मी टोपली जमिनीवर उपडी केली. त्याची चिठ्ठी सापडायला तासभर लागला. जाड्याभरड्या अक्षरात लिहिलं होतं: 'आज दिवस मावळायच्या आत अंगरखा हिसाएच्या हातात पडू दे.'

हे तो माझ्यासमोर बसून लिहीत होता, आणि मी म्हणत होते, "थांबा हो जरा, अजून कच्चीच आहेत."