भाकरीगणिक एक नाव

दुखणं स्वतःचं, आणि साकडं डॉक्टरांच्या कंबरेसाठी! तपासायला आलेला तो भला माणूस वाकताना कण्हला, तर माझ्या सासूबाई, आमच्या आत्याबाई, लगेच डोळे मिटून म्हणाल्या, "देवा, ह्याची कंबर बरी कर रे, ह्याला लई हिंडावं लागतं." दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. महिना झाला, पण घर अजून सुनंसुनं वाटतं...

देवघरात त्या फारशा बसायच्या नाहीत. त्यांचं सगळं मागणं चुलीपुढं. एकेक भाकरी एकेकाच्या नावानं थापायच्या, आणि तेही खड्या आवाजात. "देवा, सोनाराच्या सुनेची कूस उजव!" सोनाराची सून लाजून चूर, आणि जालन्यातल्या आमच्या गल्लीला फुकटची बातमी! मी म्हणायचे, "आत्याबाई, हळू." "हळू? देव काय भिंतीला कान लावून बसलाय व्हय?"

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. माझे यजमान निजामाविरुद्धच्या लढ्यात उतरले आणि जाफराबादेकडून सरहद्द ओलांडून वऱ्हाडातल्या तळावर गेले. गल्लीत सांगितलं, मामाकडं गेलेत. शेजारी राहायचे रहीमखाँ जमादार, निजामाचे पोलीस. एक शब्द फुटला असता तर घरावर धाड आली असती. मी हात जोडले, "आत्याबाई, ह्यांचं नाव तेवढं घेऊ नका." घेतलं नाही त्यांनी, पण घास गोड लागेना. मग एका सकाळी चुलीपुढून आवाज आला, "देवा, माझा बैल सुखरूप घरी आण!"

आमच्याकडं शेळीसुद्धा नव्हती! पण असेल कुठं शेतावर, असं म्हणून गल्ली हळहळली. जमादार तर दारातच येऊन उभे. "अम्माँ, बैल कैसा है? मैं ढूंढता." आत्याबाई बिनधास्त. "सावळा हाये. लई हट्टी. त्याला भूक बिलकुल सोसत न्हाई वो..." आणि पदर डोळ्याला.

पुढं निजामाचं राज्य गेलं, हे घरी आले. त्याच दुपारी गल्लीतले काही टगे दगड घेऊन जमादारांच्या दारापुढं जमले. आत्याबाईंनी एका हातात भाकरी घेतली, दुसऱ्या हातानं ह्यांना धरलं आणि "सरका रे मेल्यांनो!" म्हणत वाट काढली. "जमादार, दार उघडा. तुमच्या नावानं भाकरी थापली. अन् बैल आलाय, बघा."

दार किलकिलं झालं. जमादारांनी ह्यांच्याकडं पाहिलं. "मालूम था, अम्माँ. बैल के वास्ते कोई रोज ऐसा रोता क्या?"

आत्याबाई आणि जमादार, दोघंही रडायला लागले. टग्यांनी एकेक करून दगड खाली टाकले. आणि हे आपले माझ्याकडं वळून विचारतात, "बैल कोण?"