लाइन बंद हाय, कशावरून?

आमच्या सेक्शनला किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. लाइट गेली की लोक आम्हाला शिव्या देतात, आली की विसरून जातात. या दोन्हींच्या मधे जे घडतं ते फक्त आम्हालाच माहीत असतं, आणि ते साचत जातं. संध्याकाळी वाटूरच्या चौफुलीवर आम्ही चहाला जमलो की कोणीतरी म्हणतंच, "अरे, त्या दिवशीचं सांग ना!"

मी लाइनमन. पोलवर चढायचं, तारा जोडायच्या, खाली उतरायचं. हसायचे किस्से आमच्याकडं ढीगभर हायेत. पण आज सांगतो ते जरा वेगळे. आता हसू येतं, घडत होते तेव्हा घाम फुटल्ता.

यातल्या बऱ्याच किश्श्यांच्या मुळाशी आमचे गायके साहेब. सेक्शनचे इंजिनीअर, मूळचे भोकरदनकडचे. माणूस शांत, आवाज कधी चढत नाही. पण एक सवय फार वाईट! काहीही सांगायला जा, ते विचारणार, "तुम्ही पाह्यलं, का तुम्हाला वाटलं?"

"साहेब, मुकुंदा आज येणार न्हाई."

"त्यानं सांगितलं, का तुम्हाला वाटलं?"

सुरुवातीला आम्ही वैतागलो. खरात दादा, आमच्यातले सगळ्यात जुने लाइनमन, मागं म्हणायचे, "या माणसाला बायकोनं जेवण झालं म्हणून सांगितलं, तरी हा पातेल्यात डोकावून पाहील!"

*

मंग तो चौफुलीच्या अलीकडचा पोल आला.

तार सैल झाल्ती. उपकेंद्राला फोन करून गावठाण फिडर, म्हणजे गावाला वीज देणारी लाइन, बंद करून घेतला. तेव्हाच्या ऑपरेटरनं कळवलं, बंद हाय. खरात दादांनी हेल्मेट घातलं, पट्टा आवळला, शिडीवर पाय ठेवला. तेवढ्यात साहेबांची गाडी येऊन थांबली.

"लाइन बंद हाय, कशावरून?"

"ऑपरेटरनं सांगितलं ना, साहेब."

"त्यानं फिडर बंद केला. हा पोल त्याच फिडरवर हाय, हे कोणी पाह्यलं?"

दादांचं तोंड वाकडं झालं. त्या रस्त्यावर त्यांची अर्धी नोकरी गेलेली! प्रत्येक पोल त्यांना नावानिशी ओळखतो असं आम्ही म्हणायचो. ऊन मरणाचं होतं, आणि गावातून तर फोनवर फोन चालू होते. "साहेब, माझ्या लग्नाच्या आधीपासून हा पोल गावठाणवरच हाय!"

"असंल. टेस्टर लावा."

लांब काठीच्या टोकाला टेस्टर असतो, तारेत करंट असला की वाजतो. दादांनी रागारागात काठी उचलली आणि तारेजवळ नेली.

टी टी टी टी टी!

काठी वर तशीच धरलेली आणि ते मशीन वाजतच राह्यलं. मागं कधीतरी लोड वाढला म्हणून तेवढा तुकडा शेती फिडरवर टाकल्ता, आणि ही गोष्ट ऑपरेटरला माहीत नव्हती, दादांनाही नव्हती.

दादांनी काठी खाली ठेवली. रस्त्याच्या कडेला मातीतच बसले. मंग म्हणले, "माझे पाय जागेवर हायेत का, तेवढं कोणीतरी पाहून सांगा. मला तर नुसतं वाटून राह्यलंय!"

*

पोरं पळवणारी टोळी आली, असा मोबाइलवर मेसेज फिरत होता, तेव्हाची गोष्ट. कोणी पाठवला, कुठून आला, काही पत्ता नाही, पण प्रत्येकाच्या मोबाइलमधे होता.

दादा आणि मी एका गावात कम्प्लेंटला गेल्तो. पाहतो तर ज्या पोलवर चढायचं, त्यालाच एका माणसाला दोरीनं बांधलेलं! बायांचे गळलेले केस घेऊन त्यांच्या बदल्यात भांडी देणारा होता तो. बाजूला त्याचं पोतं फाडून टाकलेलं, स्टीलच्या वाट्या मातीत पडलेल्या. ओठ फुटलेला. भोवती सगळं गाव, काहींच्या हातात काठ्या.

"टोळीतला हाय!" एक जण ओरडला. "पोत्यात लेकरं भरून नेतेत!"

मला वाटलं, गाडी फिरवावी आणि निघावं. पण दादा गर्दीत शिरले. मी त्यांच्या मागं. दादांचा आवाज आधीच मोठा, त्यात पोलवरून ओरडायची सवय.

"थांबा! लेकरू कोणाचं गेलं?"

"त्या खालच्या आळीतलं."

खालच्या आळीतले लोक तिथंच होते. "आमचं न्हाई बा. शेजारच्या गावातलं गेलं म्हणतेत."

"नाव काय लेकराचं? बापाचं नाव?"

कोणालाच सांगता येईना. पण काठ्या काही खाली येईनात. उलट एक पोरगा पुढं सरकला, "आता हा सुटला म्हणजे तुमच्यावर जबाबदारी!" दादांनी शांतपणे मोबाइल काढला, शेजारच्या गावच्या सरपंचांना लावला, स्पीकर चालू केला.

"सरपंच, तुमच्याकडचं लेकरू गेलं म्हणतेत?"

पलीकडून आवाज आला, "आमच्याकडं सगळी घरात हायेत! आम्हीच तुमच्या गावाला फोन लावून राह्यलो कवाचे. तुमच्याकडचं गेलं ना?"

एकेक करत काठ्या खाली आल्या. ज्यानं बांधलं त्यालाच दादांनी सोडायला लावलं. पण गाठ सुटेना. दोरी घट्ट नव्हती, बांधणाऱ्याचे हात थरथरत होते.

*

मुकुंदाचा किस्सा त्यानं स्वतःच सांगितला, म्हणून सांगतो.

मुकुंदा आमचाच लाइनमन. घरी वडील ऑक्सिजनच्या मशीनवर. मशीन लाइटवर चालतं. त्यामुळं घरात लाइट नुसती लुकलुकली तरी त्याच्या काळजात धस्स होतं.

एका सुट्टीच्या दिवशी त्याच्या मोबाइलवर फोन आला. "वीज कंपनीतून बोलतोय. तुमचं कनेक्शन अपडेट नाही. थोड्याच वेळात लाइट कापली जाईल. वाचवायची असेल तर लिंक पाठवतो, ॲप टाका, आणि फोन अजिबात ठेवू नका."

मुकुंदाचं डोकंच बंद झालं. वडिलांच्या नाकातल्या नळीकडं पाहतोय आणि लिंकवर बोट नेतोय. पलीकडचा घाई करतोय, "जल्दी करा, माणूस निघाला आहे तिकडून!"

बायको दारात उभी. म्हणली, "काय झालं?"

"अगं, लाइट कापायला माणूस निघालाय!"

"आपल्या गावात लाइट कापायला कोण येतं?"

"लाइनमन येतो, दुसरं कोण!"

"मंग तुम्ही तर घरीच बसलात!"

मुकुंदानं फोन ठेवला. हा किस्सा सांगताना तो स्वतः पोट धरून हसतो. पण शेवटी एक वाक्य हळूच म्हणतो, "भीती लई वाईट, गड्या. मी काय नोकरी करतो तेच विसरून गेल्तो."

*

आता साहेबांची पाळी. कारण साहेबही माणूसच.

एका वस्तीवरचा ट्रान्सफॉर्मर जळाला. उघडून पाह्यलं तर आत तेल फार थोडं. तेलाच्या चोऱ्या आमच्याकडं नव्या नाहीत. वस्तीवरचे लोक ऑफिसला आले आणि म्हणले, "तुमचाच माणूस होता. दिवस मावळताना मुकुंदा तिथं दिसला. हातात कॅन!"

साहेबांनी मुकुंदाला बोलावलं. आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे. मुकुंदा येऊन समोर थांबला, चेहरा पांढराफटक. घरी आजारी माणूस, खर्च जास्त, हे सगळ्यांना ठाऊक. खरं सांगायचं तर त्या खोलीत प्रत्येकाच्या मनात निकाल लागलेला होता. कोणी त्याच्या नजरेला नजर देईना.

"मुकुंदा," साहेब म्हणले, "तू असं करशील याचा मी विचार पण केला नव्हता. पण लोकांनी कॅन पाह्यला. घरची अडचण मला माहीत हाय. मला सरळ सरळ वाटतंय, की..."

आणि साहेब थांबले.

'वाटतंय' हा शब्द त्यांच्याच तोंडातून निघाल्ता! त्यांना तो ऐकू आला, आम्हाला ऐकू आला. साहेबांचा चेहरा हळूहळू लाल झाला. मंग ते उठले, गाडीची चावी घेतली, "चला. सगळे चला."

वस्तीवर गेलो. ट्रान्सफॉर्मरच्या मागच्या बाजूला कमरेइतकं गवत. साहेब स्वतः त्यात शिरले, हातानं गवत बाजूला करत खाली बसले. तारा जिथून आत शिरतात, त्या बुशिंगखालचं पॅकिंग गेलेलं. तेल मागच्या अंगानं झिरपत, खांबावरून ओघळत, सगळं मातीत. मूठभर माती उचलली तर हात काळा कुळकुळीत!

इतके दिवस सगळे रस्त्याच्या बाजूनं पाहत होते. गवतात कोणी शिरलंच नव्हतं.

साहेब तसेच मातीनं भरलेले हात घेऊन मुकुंदासमोर आले. "त्या दिवशी कॅनमधे काय होतं?"

"पाणी, साहेब. फ्यूज गेल्ता, तो टाकायला आल्तो. प्यायचं पाणी होतं."

"मंग सांगितलं का न्हाईस?"

मुकुंदा म्हणला, "कोणी विचारलंच न्हाई, साहेब."

*

आणि आता वैशालीचा. चौफुलीवर हा किस्सा निघाला की चहा थंड होतो.

वैशाली आमच्या उपकेंद्राची ऑपरेटर. आयटीआय करून आलेली, वयानं लहान, बोलायला कमी. फिडर चालू करायचा, बंद करायचा, सगळं तिच्या हातात.

वळवाचं वादळ झालं, दुपारीच झाडं तारांवर पडली. मुकुंदाची गँग लाइनवर गेली, खरात दादाही गँगमधेच. मी सामान न्यायला उपकेंद्रात आल्तो. गायके साहेबही तिथं होते. तेवढ्यात गावच्या दवाखान्यातून फोन. बाळंतपणाची केस आली, अडली, आणि जनरेटर चालू होईना. एक आधीच सांगून टाकतो, नसता ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. आई आणि पोरगी दोघी सुखरूप. पोरगी आता अंगणभर पळते.

पण तेव्हा हे आम्हाला माहीत नव्हतं.

मुकुंदाचा फोन आला. "झालं, वैशाली! सगळे खाली हायेत. देऊन टाक सप्लाय!"

मी म्हणलो, सुटलो बुवा. वैशालीनं पॅनलकडं हात नेला आणि तिथंच थांबवला.

"मुकुंदा दादा, एकेकाला फोन द्या."

"अगं वेळ काय, तू करून काय राह्यलीस!"

"द्या."

एकेक जण बोलला. सगळे चिडलेले. "आता खरात दादांना द्या."

"दादा इथंच... आत्ता तर इथंच होते. गाडीकडं गेले असतील."

"असतील म्हणजे?"

दुसरा फोन वाजला. जालन्याहून मोठे साहेब. "कोणाच्या हुकमानं सप्लाय अडवला? तिथं बाईचा जीव चाललाय!" तिनं ऐकून घेतलं आणि गायके साहेबांकडं पाह्यलं. साहेबांच्या कपाळावर घाम. ते एवढंच म्हणले, "तुझ्या हातात हाय."

तिनं दादांना फोन लावला. वाजून वाजून बंद. परत लावला. मधेच दुसऱ्या फोनवर डॉक्टर, "मॅडम, मोबाइलच्या उजेडात करून राह्यलो आम्ही! कृपा करा!" डॉक्टरांचं हे बोलणं ऐकून माझ्याच्यानं राहवेना. मी म्हणलो, "वैशाली, मुकुंदानं सांगितलं ना, दे आता!" तिनं माझ्याकडं पाह्यलंसुद्धा नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि बोटं परत तोच नंबर लावत होती.

फोन उचलला गेला. स्पीकरमधून नुसता वारा ऐकू आला.

"हॅलो! कोण?"

"दादा, मी वैशाली. कुठं हायेत तुम्ही?"

"कुठं म्हणजे? वर हाय! पलीकडच्या पोलवर झंपरची तार लटकून राह्यल्ती, म्हणलं परत कशाला यायचं. बस, उतरूनच राह्यलो. कामून गं, काही काम होतं?"

गायके साहेब मटकन खुर्चीत बसले. वैशालीनं भिंतीकडं तोंड केलं.

"काही न्हाई, दादा. तुमचा आवाज ऐकायचा होता."