ज्याची तारीख जवळ, तो पहिला

"शेवटची तारीख कधी हाय?"

आमच्या सिहोऱ्याच्या ऑनलाइन केंद्रात पाऊल टाकलं की तिथं कामाला असलेली पोरगी आधी हेच विचारायची. मग दुसरा प्रश्न, "काम किती वेळचं?" तेवढ्यावर ठरवायची, कोणी खुर्चीवर बसायचं आणि कोणी बाहेर थांबायचं.

असं केंद्र तुम्हीही पाहिलं असेल. एक कॉम्प्युटर, एक अंगठ्याचं मशीन, दाराबाहेर चपलांची रांग. माणसं सावलीत बसतात, नंबर चपला धरतात. मी शाळा फार पाहिली नाही, पण नंबर कसा लावायचा हे मला कोणी शिकवायला नको. त्या दिवशी उजाडताच माझी चप्पल पहिली होती.

तिनं ती हातानं उचलली आणि मागं नेऊन ठेवली.

"ए पोरी, काहून? माझी पहिली हाय!"

"आबाजी, तुमच्या हयातीच्या दाखल्याले अजून लय दिवस हायेत. या बाईची धानाची नोंदणी आज बंद होऊन राहिली. मंग सरकारी खरेदीत तिचं धान कोण घेईन?"

मी हटलो नाही. तीही हटली नाही. म्हणाली, "ज्याची तारीख जवळ, तो पहिला. दोघाईची एकच असली, तर ज्याचं काम लवकर होते तो आधी. नाही तं एका लंब्या कामापायी चार छोटे मरतेत. कॉम्प्युटरच्या पोटात बी असंच चालते, आबाजी. डोकं एक, कामं ढीगभर. एका नियमानं भागत नाही, दोन जोडा लागते. कॉलेजात हेच तं शिकली मी."

"मंग मशीनलेच शिकव. मी माणूस हावो."

लोक हसले. मला वाटलं, जिंकलो. चप्पल घातली आणि घरी आलो.

दाखला दिला नाही तर पेन्शन बंद, आणि बायकोच्या शुगरच्या गोळ्या त्याच पैशातून येतात. सून रोज म्हणायची, "मामाजी, जाऊन या ना." मी म्हणायचो, "जाईन." गेलो नाही. शेवटच्या दिवशीही ओसरीवर बसून राहिलो.

दुपारी अंगणात स्कूटी थांबली. खांद्याला बॅग, हातात अंगठ्याचं मशीन.

"आबाजी, आज तुमची तारीख. आज तुम्ही पहिले. बाकीच्याईले बसवून आली मी."

अंगठा काही लागेना. धानाच्या रोवण्या आणि कापण्या करून बोटांवर रेषा कुठं उरतात? तिनं सुनेकडून कोमट पाणी मागितलं, माझा हात धुतला, आपल्या ओढणीनं पुसला. एकेक बोट लावून पाहिलं. "दाबू नका, फक्त ठेवा." शेवटी एका बोटावरून मशीननं मानलं, की मी जिवंत आहे.

मी तोंड भिंतीकडे करून बसलो होतो. तिला बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही.

सून म्हणाली, "ताई, जेवल्या का?"

"माझ्या जेवणाले कोणती शेवटची तारीख हाय, वयनी?" ती हसली आणि मशीन बॅगेत टाकलं.

आता ती केंद्रात नाही. कुठं नोकरी लागली म्हणतात. तिच्या जागी आलेला माणूस नंबरानंच काम करतो. मला आवडायला पाहिजे होतं ते.

त्या दिवशी ती बॅग घेऊन ओसरीवरून वळली, तेव्हा वाटलं, हाक मारून थांबवावं, म्हणावं, दोन घास खाऊन जा. उठून अंगणापर्यंत आलो. तिला माझं नाव, माझ्या बापाचं नाव, माझी जन्मतारीख, सारं पाठ होतं. मी तिला नाव कधी विचारलंच नव्हतं. उघडलेलं तोंड तसंच मिटलं. स्कूटी बोडीच्या, त्या लहान तळ्याच्या, पाळीवरून निघून गेली.