दाइच्या दारातल्या पणत्या

त्या सप्टेंबरात शेजारच्या देशातल्या जळत्या जंगलांचा धूर सिंगापूरवर उतरला होता. खिडक्या बंद करून आम्ही फोनवर नेपाळच्या नव्या राज्यघटनेच्या बातम्या वाचत बसायचो.

माझी वहिनी नेपाळची. भाऊ तिला आणि पोरीला टाकून निघून गेला, तेव्हा मी बॅग भरून पुंगोलला वहिनीकडे राहायला आले. पोरीचा पासपोर्ट भारतीय, मुदत संपत आलेली. नव्या पासपोर्टसाठी बापाची सही हवी होती आणि तो ‘बघू’ म्हणत झुलवत होता. माझ्या आईने वहिनीला लग्नानंतर कौतुकाने ‘अहो’ म्हणायला शिकवलं होतं. आता ती त्याला ‘तुझा भाऊ’ म्हणे आणि मेसेजपुरतंच बोले.

नव्या घटनेकडे तिचं मागणं एवढंच होतं, की नेपाळी आईचं मूल वंशानेच नेपाळी ठरावं, बाप कुठलाही असो. मग ती पोरीला घेऊन कायमची माहेरी जाणार होती. त्या माणसाच्या सहीशिवाय.

पुण्याला आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे बाजूला सारल्याशिवाय जेवायला बसता येत नसे; बाबांनी जन्मभर पत्रकंच वाटली. मीही वहिनीच्या मागणीचं हिंदीत पानभर पत्रक लिहिलं. इथे रस्त्यावर उभं राहून ते वाटलं असतं तर सिंगापुरात राहायचा पास गेला असता. म्हणून एका रविवारी ते घेऊन आम्ही तिघी बुकित बातोकला वहिनीच्या चुलतभावाकडे गेलो. त्याला सगळे दाइ, म्हणजे दादा, म्हणत; रविवारी त्याच्याकडे नेपाळी पाहुणे जमत.

“आली पुणेकरीण, आम्हाला घटना शिकवायला!” दाइ म्हणाला. “दिल्लीवाले कमी पडले काय?”

पाहुणे हसले.

“भाची तुमचीच आहे,” मी म्हटलं.

“भाची आमची, पण जावई तुमचे. उद्या सीमेवरचा प्रत्येक जावई पोरं पुढे करील.”

“आणि परदेशी सुनांची पोरं? ती चालतात?”

“सून घरात येते. मुलगी घरातून जाते.”

“मी परत यायचं म्हणतेय, दाइ,” वहिनी म्हणाली.

दाइ आता बहिणीकडे वळला. “बहिनी, माझा धाकटा भाऊ माओवाद्यांच्या युद्धात मेला. तो गेला ते या घटनेसाठीच, असं आई अजून म्हणते. एका कलमासाठी सगळीच अडवू? आधी होऊ दे. दुरुस्ती मागाहून करू.”

“तोवर ही पोरगी म्हातारी होईल!” माझा आवाज चढला.

“आत्या, डोन्ट शाऊट लाह,” पोरगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

घटना मंजूर झाली. आई नेपाळी आणि बाप परदेशी अशा मुलांना अर्ज करता येणार होता. नागरिकत्व मिळू शकेल, असं लिहिलं होतं. मिळेलच असं नव्हतं.

जाहीर झाली त्या संध्याकाळी दाइने सगळ्यांना पणत्या लावायला बोलावलं. मी नको म्हणत होते. वहिनी म्हणाली, “काकी आलीय गावाहून, दाइची आई. युद्धात तिचा मुलगा गेलाय.”

कॉरिडॉरभर पणत्या होत्या आणि धुरात त्यांच्या ज्योती पिवळट दिसत होत्या. मास्क लावलेल्या शेजारणीने दिवाळी लवकर आली का, असं विचारलं. पोरगी पणती लावायला धावली. मी तिचा हात धरला.

“सोड तिला,” वहिनी म्हणाली. “गेलेल्या मामासाठी लावू दे. त्याने काय केलंय?”

पोरीने पणती लावली. काकीने तिला जवळ ओढून घेतलं. वहिनीपुढेही कुणीतरी काडेपेटी धरली. तिने ती घेतली नाही. ती लिफ्टपाशी गेली आणि फोन लावला. पत्रकांची पिशवी खांद्याला लावून मी तिच्यामागे गेले.

पलीकडून उचलायला बराच वेळ लागला.

“अहो,” ती म्हणाली, “मी बोलतेय.”

मग ती ऐकत राहिली. “हो. नाही, तसं नाही. तुम्ही म्हणाल तेव्हा येईन मी सहीला.”

पोरगी खोकत आली आणि तिच्या ओढणीला धरून उभी राहिली. वहिनीने दुसऱ्या हाताने तिचा मास्क नीट केला, आणि फोनवर पुन्हा म्हणाली, “हो. तुम्ही म्हणाल तसं.”