गळालेली दोन अक्षरं
नगरपालिकेतल्या बांधकाम परवानगीच्या खिडकीत अकरा वर्षं एकच चेहरा दिसत आला होता, म्हणून गावाने त्या बाईंचं नावच खिडकीताई ठेवून दिलं. वय पंचेचाळिशीच्या पुढे, चष्मा डोक्यावर चढवायचा आणि मग तोच टेबलभर शोधत बसायचं ही सवय, आणि आवाज असा खणखणीत की घरी मुलगी म्हणायची, "आई, खोलीत आपण दोघीच आहोत. रांग नाहीये."

काम म्हटलं तर सरळ होतं. कुणाला घरावर मजला चढवायचा असो, दुकानापुढे ओटा वाढवायचा असो की मागे न्हाणीघर बांधायचं असो, कागद आधी ताईंच्या खिडकीत यायचे. ताई नकाशावरची मापं बघायच्या, टेबलाच्या खणातल्या दरपत्रकाशी ताडायच्या, आकडा सांगायच्या आणि पैसे घेऊन पावती फाडायच्या. घोडं अडायचं ते एकाच ठिकाणी. तो आकडा आला कुठून, हे खिडकीबाहेरच्या माणसाला कधी दिसायचं नाही. दरपत्रक खणात आणि खणाला कुलूप. "दर दाखवले की फाटे फुटतात," असं आधीचे हेडक्लार्क म्हणायचे. त्यांना सगळे मोठे बाबू म्हणत. मोठे बाबू निवृत्त झाले, पण त्यांचा दंडक तसाच चालू राहिला.

मग लोकांनी काय समजायचं? शेजाऱ्याला कमी पैसे पडले आणि आपल्याला जास्त, एवढंच त्यांना दिसायचं. शेजाऱ्याची खोली लहान होती, हे ताई घसा कोरडा करून सांगायच्या आणि समोरचा माणूस मान डोलवत, मनात दुसराच हिशेब मांडत निघून जायचा. ताईंनी कधी कुणाच्या चहालासुद्धा हात लावला नव्हता. पण न घेतलेल्या पैशांचा पुरावा आणायचा कुठून? घरी नवा फ्रिज आला तेव्हा ओळखीतली एक बाई हसत हसत म्हणाली, "यंदा बांधकामं बरीच झाली वाटतं." ताईही तेवढ्यापुरत्या हसल्या. घरी गेल्यावर मात्र त्यांनी त्या फ्रिजचं दार दोनदा आपटलं.

सगळ्यांत फटकळ होते सुतारकाका. सत्तरीचे, कानावर पेन्सिल, बोलणं रंध्यासारखं. आपल्या कामाच्या शेडसाठी तपासणीचे पैसे भरायला आले तेव्हा भर रांगेत म्हणाले, "मीही टेबलं विकतो, ताई. पण किंमत सांगून विकतो. तुमच्या टेबलाला किंमत विचारली की ते कुलूप दाखवतं." रांग खो खो हसली. ताईंनी खाली मान घालून पावती लिहिली.

अशात नव्या मुख्याधिकारी मॅडम आल्या. वयाने ताईंपेक्षा बऱ्याच लहान. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "बांधकामाचा प्रत्येक दर, तो कोणत्या ठरावाने ठरला आणि तपासणीला माणूस किती दिवसांत येणार, हे सगळं बाहेर भिंतीवर लागलं पाहिजे. एका महिन्यात. ताई, तक्ता तुम्ही करायचा."

"मी?"

"तुमच्याइतके दर आणखी कुणाला पाठ आहेत का?"

उद्या आपलीही पाळी येणार म्हणून बाकीच्यांचे चेहरे उतरले. ताईंना मात्र त्या दिवशी पायऱ्या उतरताना हलकं हलकं वाटत होतं. आता कुणी काही विचारलं की भिंतीकडे बोट दाखवायचं. संपलं!

दर लिहून काढायला त्यांना एक दुपार पुरली. पण प्रत्येक दरासमोर ठरावाचा क्रमांक हवा होता, आणि तो खणातल्या दरपत्रकावर नव्हता. म्हणून ताई जुन्या कागदांच्या खोलीत शिरल्या. तोंडाला रुमाल बांधून एकेक गठ्ठा सोडायचा, शिंकायचं, पुन्हा बांधायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी मूळ ठराव सापडला. त्यांनी खिडकीजवळ उजेडात धरून तो वाचला. पाया भरून झाला आणि जोतं जमिनीच्या वर आलं की पालिकेचा माणूस येऊन मापं तपासतो, त्याबद्दलचं कलम होतं. त्यात लिहिलं होतं, 'जोत्याची पहिली तपासणी परवानगी शुल्कातच धरलेली आहे. चुका आढळल्यास होणाऱ्या फेरतपासणीस वेगळे शुल्क घ्यावे.'

ताईंनी खणातलं दरपत्रक आणून शेजारी ठेवलं. त्यावर मोठ्या बाबूंच्या काळात टाइप केलेली ओळ होती, 'जोते तपासणी शुल्क'. 'फेर' ही दोन अक्षरं टाइप करताना गळली होती.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ते काय असतं, ते ताईंना त्या खोलीत कळलं. म्हणजे पहिली तपासणी फुकट होती. आणि अकरा वर्षं ताई प्रत्येकाकडून तिचे पैसे घेत होत्या. पै न पै तिजोरीत गेली होती, पण हे कुणाला खरं वाटणार? ज्यांनी नुसता संशय घेतला होता, त्यांच्या हातात आता कोलीतच मिळणार होतं.

संध्याकाळी घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बसआगारात मेकॅनिक. शर्टाच्या बाहीवरचा ग्रीसचा डाग घासत होता.

"अगं, पैसे तू खाल्लेस का?"

"काहीतरीच काय विचारता?"

"मग झालं तर. नव्या तक्त्यात बरोबर लिही आणि गप्प बस. मागचं उकरायचं कशाला? बाबूंची चूक तुझ्या गळ्यात पडेल."

"अहो, पावत्यांवर सही कुणाची आहे?"

त्याने डागावर आणखी साबण लावला.

"आणि फलक लागला की लोक विचारणारच ना, की आधी का घेत होतात? तेव्हा मी काय सांगू? लक्षात नाही आलं? दोन महिन्यांनी सांगितलं तर ते चोराच्या तोंडचं वाटेल."

नवऱ्याने नळ बंद केला, बाही पिळली आणि म्हणाला, "तुझं आधीच ठरलंय. मला नुसतं ऐकायला बसवलंयस."

"हो," ताई म्हणाल्या. "कुणाला तरी आधी सांगून बघायचं होतं. आवाज फुटतो का ते."

सकाळी मॅडमच्या टेबलावर ताईंनी दोन्ही कागद ठेवले. वाटेत जुळवलेली वाक्यं ऐनवेळी पसार झाली. "मॅडम, माझ्याकडून चूक झालीय. एक नाही, अकरा वर्षं रोज," एवढंच बाहेर पडलं.

मॅडमनी दोन्ही कागद वाचले, पुन्हा वाचले. बाहेर कुणीतरी झाडू मारत होतं, त्याचा आवाज फारच मोठा वाटत होता.

"किती लोक असतील?"

"मोजले नाहीत. पण प्रत्येक पावतीची आपल्याकडे राहणारी स्थळप्रत आहे. वर्षवार लावलेली. एकही गहाळ नाही."

"एकही?"

"एकही नाही, मॅडम."

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "ताई, बसा आधी. पैसे तिजोरीत आले आहेत, पावती पावतीने आले आहेत. ही चोरी नाही, चूक आहे. आणि तुम्ही ती लपवली नाहीत. जादा घेतलेले पैसे परत करण्याचा विषय मी सभेपुढे ठेवते. चूक फलकावर लिहा."

"खाली, लहान अक्षरांत लिहू?"

"लहान कशाला? सगळ्यांत वर लिहा. लोकांना मान वाकवायला लावू नका."

ताई खुर्चीत बसल्या तशा दोन मिनिटं बसूनच राहिल्या. जीव भांड्यात पडला होता.

सभेत कुरकुर झाली. तिजोरीला भोक पडेल, असं एक सदस्य म्हणाले. मॅडमनी त्यांना ठराव वाचून दाखवला आणि विचारलं, "हा आपलाच आहे ना?" विषय मंजूर झाला.

फलक लागला त्या सकाळी ताई अर्धा तास आधी येऊन बसल्या. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं. सगळ्यांत वर लिहिलं होतं की जोत्याच्या पहिल्या तपासणीचे पैसे आजवर चुकीने घेतले गेले, ज्यांनी भरले त्यांनी ते परत न्यावेत. त्याखाली दर, ठराव आणि दिवस. खिडकी उघडली आणि पाहतात तर रांगेत पहिले सुतारकाका.

काका फलकापुढे उभे राहिले. एकेका शब्दावर बोट ठेवत, मोठ्याने, सगळा फलक त्यांनी वाचला. मग खिडकीत वाकले.

"ही चूक शोधली कुणी?"

"मी."

"आणि केली कुणी?"

"सुरुवात आधीच्यांनी केली. पण अकरा वर्षं मीच करत होते."

काकांनी कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे बघितलं, परत कानावर ठेवली. "मी तुम्हाला नाही नाही ते बोललो होतो."

"बोलला होतात."

"चारचौघांत."

"हो."

"मग हेही चारचौघांतच बोलतो." ते रांगेकडे वळले. "ऐका रे! या बाईने स्वतःची चूक स्वतः भिंतीवर टांगलीय. आजपासून हिच्याबद्दल वाकडं बोलाल तर आधी माझ्याशी गाठ आहे. मी बोललो ते मागे घेतो!"

रांगेत कुणी हसलं, कुणी मान हलवली. ताईंनी डोळ्यांत काही गेल्यासारखं करून चष्मा पुसला.

"आता माझे पैसे द्या," काका म्हणाले. "पावती मात्र सापडत नाही हं. बायको म्हणते, मी पावतीवरच मापं लिहून ती कुठं तरी टाकली."

"तुमची नको. माझ्याकडे स्थळप्रत आहे." ताईंनी वर्ष विचारलं, गठ्ठा काढला आणि काकांनी पेन्सिल काढून चष्मा लावेपर्यंत पावती समोर ठेवली. काका म्हणाले, "कमाल आहे. माझ्या दुकानात माझीच करवत इतक्या लवकर सापडत नाही."

पैसे परत करण्याचं काम चार महिने चाललं. सगळं गोडीत झालं असं नाही. एकाने व्याज मागितलं, एकाने चक्क नसलेल्या जोत्याचे पैसे मागितले. मोठे बाबू एकदा रस्त्यात भेटले आणि ओळख न दाखवता पुढे गेले. ताईंना वाईट वाटलं, पण रात्री झोप मात्र शांत लागली. भांडणंही थांबली नाहीत. फक्त आता लोक फलकाशी भांडायचे. "इथं मीटरात लिहिलंय, माझं माप फुटांत आहे," असं कुणी म्हणालं की ताई खुर्ची मागे सारून बाहेर यायच्या आणि फलकाजवळ उभं राहून त्याच्याच कागदावर त्याला गणित करून दाखवायच्या. उत्तर जुळलं की माणूस निमूटपणे पैसे काढायचा, आणि पुष्कळदा जाताना "येतो ताई" म्हणायचा. आधी हे कुणी म्हणत नसे.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत पाणीजोडणीच्या खिडकीवरची मुलगी डबा घेऊन ताईंकडे आली. नोकरीला लागून तिला जेमतेम वर्ष झालं होतं.

"ताई, आमच्याकडेही लोक रोज विचारतात, हा आकडा कुठून काढलास म्हणून. मला रडू येतं हो. तुमच्यासारखा फलक आम्हाला करून द्याल?"

"करून देणार नाही," ताई म्हणाल्या आणि डबा बाजूला सारला. "शिकवीन. आधी तुझ्या दरांचे मूळ ठराव काढू. नुसत्या टाइप केलेल्या दरपत्रकावर विश्वास ठेवायचा नाही. आणि हे बघ, आत काही भलतंसलतं सापडलं तर घाबरायचं नाही. सरळ मला येऊन सांगायचं. मग आपण दोघी मॅडमकडे जाऊ."

मुलीने डबा झाकला. "मग आत्ताच जाऊ या का?"

"आधी जेव," ताई म्हणाल्या. "त्या खोलीत शिंका फार येतात."