दगडी कुंडाचा वज्रलेप

जो जलरूपाने सर्व भूतमात्रांना समभावाने शुद्ध करतो, त्या परमेश्वरास नमस्कार करून लिहावयास बसलो आहे. काल आमच्या घरी पणतूचे बारसे झाले. पाळण्याजवळ ठेवलेल्या पाण्याच्या कलशाकडे पाहताना मला पिंपळनेरच्या पश्चिमेकडील एका पाड्यावरचे चर्च आणि त्यातले दगडी कुंड आठवले. ती हकीकत सांगितली, तेव्हा घरच्यांनी लिहून ठेवण्याचा आग्रह धरला. म्हणून हा प्रपंच.

एकोणीसशे सत्तरच्या सुमारास मी धुळ्यास संस्कृत शिकवीत असे. माझा एक जुना विद्यार्थी त्या पाड्यावर शाळामास्तर होता. तो ख्रिस्ती होता, आणि माझ्या वर्गात त्याच्याइतके स्वच्छ उच्चार दुसऱ्या कोणाचे नव्हते. एका उन्हाळ्यात तो घरी आला.

“गुरुजी, आमच्या चर्चमधले बाप्तिस्म्याचे कुंड गळते. फादर म्हणतात, सिमेंटचे नवे बांधू. दगडाला चीर गेली तर आपल्या शास्त्रात काही उपाय आहे का?”

“मूर्तीला चीर गेली तर वज्रलेप करतात,” मी म्हणालो. “पण मी तो केवळ पाठ केलेला आहे. उकळलेला कधीच नाही.”

“मग उकळून पाहू.”

दुसऱ्या दिवशी आम्ही एस.टी.ने निघालो. चर्च म्हणजे कौलारू छपराची, शेणाने सारवलेली एक लांबट खोली. दाराशी पायताणे काढून आत गेलो आणि समोरच ते कुंड पाहिले. काळ्या पाषाणाचे, कमरेइतके उंच, एकसंध. बैठकीवर उमललेल्या कमळाच्या पाकळ्या, वर हंसांची रांग. प्रत्येक हंसाची मान निराळी वळलेली; एकाने तर मागे वळून चोच पिसांत खुपसली होती. आमच्या भागातल्या यादवकाळच्या देवळांवर असे काम दिसते, पण हंसाला इतका निवांतपणा देणारा हात मी दुसरीकडे पाहिला नाही. चर्चचा पाया खणताना ते जमिनीत पालथे सापडले होते. कोणी घडविले, कशासाठी घडविले, हे कोणासही ठाऊक नव्हते. आतली गोलाई मात्र अशी होती की तळहात फिरविला तर कोठे अडत नसे. ते पाण्यासाठीच घडले होते, एवढे निश्चित. नकळत मी त्याला प्रदक्षिणा घातली. फादर पाहत होते. ते नगरकडचे, वयाने माझ्याहून पुष्कळ लहान. त्यांनी वाटेतले बाक तेवढे बाजूला सरकविले.

चीर काठापासून खाली उतरून तळाच्या चार बोटे वर थांबली होती. त्यामुळे कुंड कितीही भरले तरी शेवटी तळाशी थोडेच पाणी उरे. रविवारी एका बाळाचा बाप्तिस्मा होता. ओसरीवर सिमेंटची गोणी येऊन पडली होती. रविवारपर्यंत गळती थांबली नाही, तर सोमवारी गवंडी कुंड उचलून बाहेर ठेवणार होता.

बाळाची आजी तेथेच भिंतीला टेकून बसली होती. पाड्यावर तिला सगळे अक्का म्हणत. ती मला अहिराणीत म्हणाली, “नाना, मना बठ्ठा पोरेस्ना माथावर याच दगडनं पानी पडनं. नातूले सिमिटनं पानी काब्र?”

फादर समजुतीने म्हणाले, “अक्का, पाणी सिमेंटचं नसतं. आशीर्वाद प्रभूचा असतो, दगडाचा नाही.”

“तुमना प्रभू मोठा शे,” अक्का म्हणाली, “पन डोळा मना शेतस. माले दगडच दिखस.”

मी वज्रलेपाची द्रव्ये सांगत गेलो: कच्चे टेंभुर्णीचे फळ, कच्चे कवठ, सावरीची फुले, साळईचे बी, यांचा काढा, तो आटला की त्यात राळ, गुग्गुळ, बिब्बा, जवस आणि बेलाचा गर. अक्काने ऐकून घेतले आणि म्हणाली, “पोथीमा बठ्ठी झाडंच लिखेल शेतस. चूल कोन पेटाडी?” मग तिनेच लेकाला रानात पाठविले आणि चूल पेटविली. जे मिळाले नाही त्याची मी मनोमन क्षमा मागून पुढे गेलो.

लेप लावण्यापूर्वी मला एक शंका आली आणि मी ती फादरांना विचारली. “आमच्याकडे मूर्तीला हात लावण्याआधी तिच्यातले तत्त्व कलशात आणून ठेवतात, आणि काम झाल्यावर परत नेतात. येथे ते कोठे ठेवावयाचे?”

फादर हसले. “शास्त्रीबुवा, आम्ही दगडात तत्त्व मानत नाही. तुम्ही निःशंक लावा.”

मी निःशंक लावला. सकाळी पाहतो तो लेप गुडदाणीसारखा सुटून तळाशी पडलेला. वर्षानुवर्षे पाणी प्यालेला तो दगड आतून ओला होता. लेप तापलेला हवा, हे मी पाठ केले होते. दगडही तापलेला हवा, हे मला तेव्हा उमगले.

“आत निखारे घालावे लागतील,” मी म्हणालो.

फादर कुंडाभोवती एक फेरी मारून आले, मग दाराशी जाऊन उभे राहिले. “बाप्तिस्म्याच्या कुंडात निखारे?” ते हळूच म्हणाले. “शेणीचे?”

“आपण दगडात काही मानत नाही ना, फादर?” मास्तर म्हणाला. मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिले. पण खरे सांगावयाचे तर माझाही हात धजत नव्हता.

अक्का उठली. घरून मातीची कळशी घेऊन आली, तळाशी उरलेले पाणी वाटीने तिच्यात भरले आणि पदराने कुंड कोरडे पुसले. “देव कोठे ठेवाना, ते तुम्ही दोन्ही शिकेल मानसं ठरावत बसा. मी पानी घर लई जास.”

मग फादरांनी स्वतःच्या हाताने पहिली पाटी निखारे आत ओतले.

दगड तापून, सुकून राखाडी झाला. निखारे काढून मी उकळता लेप चिरेत भरला. तो हळूहळू आत ओढला गेला, आणि खोलीभर राळेचा व गुग्गुळाचा गंध भरला. दोन्ही धर्मांच्या पूजेला चालेल असाच तो गंध होता.

रविवारी मी मागच्या बाकावर बसलो. निखाऱ्यांची राख मी चाळून कुंडाच्या बैठकीभोवती पसरली होती. थेंब जरी झिरपला तरी राखेवर काळा डाग उठला असता. अक्का कळशी घेऊन आली. तिने ते पाणी कुंडात ओतले, लेकाने नदीचे पाणी आणून वरपर्यंत भरले, फादरांनी प्रार्थना म्हटली. प्रार्थना मराठीत होती आणि सुंदर होती. परंतु माझे लक्ष राखेवर होते. फादरांचेही असावे, कारण एक ओळ त्यांनी दोनदा म्हटली.

बाळाच्या माथ्यावर पाणी पडले, ते रडले, गाणे झाले, माणसे बाहेर पडली. राख कोरडी होती. अक्का वाकली, चिमूटभर राख बोटांत घेऊन चोळली आणि तीच बोटे नातवाच्या कपाळाला लावली. फादरांनी ते पाहिले आणि नुसती मान डोलावली.

सिमेंटची गोणी शाळेच्या पायऱ्यांना गेली. मास्तर पुढे जेव्हा जेव्हा धुळ्यास येई, तेव्हा पाणी पिण्याआधीच सांगे, “गुरुजी, राख कोरडी.”

वाचकहो, ज्या अज्ञात हाताने ते हंस कोरले आणि ज्या म्हातारीने त्यांचे पाणी राखले, त्या दोघांचे पुण्य आपल्या घराला लाभो. आपल्या लेकरांच्या माथ्यावर सदैव शीतल पाणी पडो, घरातले पात्र भरलेले राहो, आणि त्याभोवतीची भूमी कोरडी राहो. शुभं भवतु.